नॅसिक बॉईज

आमच्या देवळाली कॅम्पाने इंग्रजी भाषेला एक शब्द दिलाय, आणि तो काही फार अभिमानाने सांगण्यासारखा नाही. 'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला. १८६१ मध्ये इथे लष्कराचा तळ पडला. हिंदुस्थानातली नोकरी संपवून मायदेशी जाणारे गोरे सैनिक इथे येऊन जहाजाची वाट बघायचे. सैनिकांना नेणारी जहाजं सुटायची फक्त नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलात संपली तो अडकला, थेट पुढच्या हिवाळ्यापर्यंत. काम नाही, ऊन मरणाचं, दारू मुबलक, त्यात हिवताप. काहीजण खरोखरच भ्रमिष्ट व्हायचे. त्यावरून 'डूलॅली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे आपला साधा ताप!

ही गोष्ट कॅम्पातल्या पोराटोरांनाही माहीत असते. पण त्याच काळात इथून दहा-बारा किलोमीटरवर, नाशिक गावाच्या बाहेर, दूरदेशीच्या माणसांची अजून एक वस्ती होती. तीसुद्धा समुद्रापलीकडून आलेली. त्यांच्यामुळेही नाशिकचं नाव इंग्रजी पुस्तकांत गेलं. डेव्हिड लिव्हिंगस्टन या जगप्रसिद्ध प्रवाशाच्या रोजनिशीत 'नॅसिक बॉईज' असे शब्द पानोपानी येतात. ही मुलं नाशिकची, पण जन्माने आफ्रिकन. आणि त्यांची गोष्ट आपल्याकडे जवळपास कोणालाच माहीत नाही.

शरणपूर रोड तर तुम्हाला माहीत असेलच. शोरूम, हॉटेलं, क्लासेस, दवाखाने, कॅनडा कॉर्नरचं ट्रॅफिक. नाशिकला आलेला माणूस एकदा तरी तिथून जातोच. हे 'शरणपूर' म्हणजे काय, असं मात्र कोणी विचारत नाही. आपल्याकडे इतकी पुरं आहेत, त्यातलंच हे एक, असं आपण धरून चालतो. पण हे पूर कोण्या राजाने वसवलेलं नाही. हे चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेलं ख्रिस्ती गाव. शरण आलेल्यांचं गाव म्हणून शरणपूर. इतकं सरळ नाव.

या सोसायटीचं काम नाशकात १८३२ पासून चालू होतं. पुढे विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या पाद्र्याने गावाबाहेर ही वस्ती उभी केली. कारण व्यवहारी होतं. त्या काळी कोणी ख्रिस्ती झाला की त्याचं घर तुटायचं, विहीर तुटायची, आणि बहुतेक वेळा पोटाचा धंदाही तुटायचा. नुसता बाप्तिस्मा देऊन भागत नव्हतं, त्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी काम काय, हा प्रश्न होता. म्हणून शरणपुरात शेती, सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम अशी सगळी सोय केली गेली. शाळा, अनाथाश्रम आणि चर्च होतंच.

आता यात आफ्रिकन मुलं कुठून आली? तर त्या वेळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार जोरात होता. आतल्या भागातून माणसं पकडायची, किनाऱ्यावर आणायची, झांजिबारच्या बाजारात विकायची, आणि तिथून गलबतांत कोंबून अरबस्तान, इराणकडे पाठवायची. ब्रिटिश आरमार अशी गलबतं समुद्रात पकडत असे. पकडली, माणसं सोडवली, पण पुढे काय? त्यांत कितीतरी लहान मुलं असत. त्यांचं गाव कुठलं, हे त्यांना स्वतःलाच धड सांगता येत नसे. आणि सांगता आलं तरी परत नेऊन सोडलं की आठवड्यात पुन्हा पकडली जाणार. मग अशा काही मुलांना मुंबईला आणलं जाई. त्यांच्यासाठी मिशनने 'आफ्रिकन असायलम' चालवलं होतं, ते १८६० च्या सुमारास शरणपूरला आलं.

म्हणजे बघा, न्यासा सरोवराच्या काठची याओ जमातीची मुलं गोदावरीच्या काठी येऊन सुतारकाम शिकत होती, लोहाराचा भाता ओढत होती, इंग्रजी वाचत होती, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींच्या शेजारी राहत होती. त्यांना नवीन नावंही मिळाली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कारुस फरार. प्राइस, आयझेनबर्ग, फरार ही तिथे काम केलेल्या मिशनऱ्यांचीच आडनावं. मुलांची स्वतःची नावं बहुतेकांच्या बाबतीत कायमची पुसली गेली.

इथे थांबून एक गोष्ट सरळ बोलायला हवी. कोणीही विचारेल, की अहो, या लेकरांना कोणी विचारलं होतं का? एकाने पळवलं, दुसऱ्याने सोडवलं, तिसऱ्याने नाव बदललं आणि धर्मही दिला. याला श्रद्धा कशी म्हणायची? प्रश्न रास्त आहे. मला वाटतं याचं उत्तर ती मुलं शरणपुरात असताना काय म्हणत होती, यात नाही. शाळेतलं मूल गुरुजींना हवं तेच बोलतं. उत्तर शोधायचं तर ती मोठी झाल्यावर, हुकूम द्यायला कोणी जवळ नसताना, काय वागली ते बघायला हवं. सुदैवाने ते बघता येतं.

१८६५ साली लिव्हिंगस्टन मुंबईत आला. नाईल नदीचा उगम शोधायच्या शेवटच्या मोहिमेची तयारी चालली होती. त्याने नाशिकला येऊन शरणपूरच्या शाळेतली नऊ मुलं निवडली. मुंबईच्या मरीन बटालियनचे काही शिपाईही घेतले. शिवाय त्याच्याबरोबर चुमा आणि सुसी होते. चुमा याओ, लहानपणी गुलामांच्या तांड्यातून सुटलेला. तो १८६४ मध्ये लिव्हिंगस्टनबरोबरच एका छोट्या आगबोटीतून मुंबईला आला होता आणि डॉ. जॉन विल्सन (विल्सन कॉलेजवाले) यांच्या शाळेत शिकला होता. सुसी मुसलमान. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून झांजिबारला निघाली.

पुढचं सगळं काही गोड गोड नाही. शिपाई लवकरच परत पाठवले गेले. जोहाना बेटावरून घेतलेले हमाल पळून गेले, आणि वर 'लिव्हिंगस्टन मारला गेला' अशी थाप त्यांनी किनाऱ्यावर येऊन मारली. ही थाप खोटी आहे हे सिद्ध करायला इंग्लंडहून एक वेगळी मोहीम पाठवावी लागली. (ही थाप लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.) नऊ नाशिककरांपैकी रिचर्ड पहिल्याच वर्षी वारला. बाकीचे एकेक करून गळाले. लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीत त्यांच्याबद्दल भरपूर कुरकुर आहे. शेवटपर्यंत टिकले ते अगदी मोजके. तेव्हा 'मिशन शाळेत घातलं की झाला माणूस सद्गुणी' असं समीकरण कोणाच्या डोक्यात असेल तर ते इथेच पुसून टाका.

१८७१ च्या नोव्हेंबरात स्टॅन्लेने लिव्हिंगस्टनला उजिजी इथे शोधून काढलं, ही गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलेली असते. परत गेल्यावर स्टॅन्लेने त्याच्यासाठी माणसांची नवी तुकडी पाठवली. तीत आणखी सहा नाशिककर होते. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारुस फरार, रिचर्ड रटन आणि बेंजामिन रटन. हे १८७२ च्या ऑगस्टमध्ये लिव्हिंगस्टनला जाऊन मिळाले.

१ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात लिव्हिंगस्टन झोपडीत मेलेला सापडला. बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत. आसपास शेकडो मैलांत एकही युरोपियन माणूस नाही. तांड्यात साठेक माणसं. आता यांनी काय करावं? तिथेच पुरून मोकळं व्हावं, उरलेला माल वाटून घ्यावा आणि घरी जावं. कोण विचारणार होतं?

त्यांनी काय केलं ते क्रमाने सांगतो. सगळ्यात आधी सामानाच्या पेट्या सगळ्यांदेखत उघडल्या आणि जेकब वेनराइटला यादी करायला सांगितली. कारण त्याला चांगलं लिहिता येत होतं. रोजनिशा, नकाशे, उपकरणं, पैसे, प्रत्येक वस्तूची नोंद. आपल्या भाषेत बोलायचं तर आधी इन्व्हेंटरी, मग बाकीचं. मग असं ठरलं की प्रेत किनाऱ्यावर न्यायचं. काळीज आणि आतडी काढून एका पेटीत घालून झाडाखाली पुरली. जेकबने इंग्रजी प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधीची प्रार्थना वाचली. झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचं नाव, तारीख, आणि त्याखाली तांड्यातल्या काहीजणांची नावं कोरली. शरीर मीठ लावून दोन आठवडे उन्हात सुकवलं. मग कापडात गुंडाळलं, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातलं, वरून शिडाचं कापड शिवलं आणि डांबर फासलं.

आणि निघाले. हजार मैलांहून जास्त अंतर. जवळजवळ नऊ महिने. वाटेत आजारपणाने कितीतरी जण गेले. ऑक्टोबरमध्ये त्यांना कॅमेरॉन नावाचा इंग्रज लेफ्टनंट भेटला. त्याने सल्ला दिला, पुढे धोका आहे, इथेच पुरा. साहेबाचा सल्ला! या लोकांनी ऐकला नाही. पुढे एका ठिकाणी गावकरी प्रेत गावातून नेऊ देईनात. तेव्हा यांनी खोटं प्रेत तयार केलं, काहीजण ते खांद्यावर घेऊन परत निघाले, गावकऱ्यांना वाटलं गेले बुवा, आणि खरं प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून तांडा पुढे सरकला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. इंग्रज अधिकाऱ्यांनी प्रेत ताब्यात घेतलं, पगार चुकता केला, आणि सांगितलं, आता जा. बस. एवढंच.

हे त्यांनी का केलं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. व्हिक्टोरियन इंग्लंडला 'इमानी नोकर' हे उत्तर आवडलं. मला ते पुरेसं वाटत नाही. मघाची थाप आठवा. जोहानावाल्यांची बातमी खोटी निघाली होती. आता आणखी साठ माणसं येऊन 'साहेब मेले' म्हणाली असती तर कोणी विश्वास ठेवला असता? पुरावा हवा होता, आणि ते प्रेत हाच पुरावा होता. पगार हवा होता, हेही खरं. आणि तांड्यात सगळे ख्रिस्ती नव्हते. सुसी मुसलमान होता, बाकी कितीतरी जण आपापले देव मानणारे होते. तेव्हा या प्रवासाचं सगळं श्रेय शरणपूरच्या शाळेला किंवा ख्रिस्ती धर्माला देणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय होईल.

पण काही गोष्टी नक्की शरणपूरच्या आहेत. यादी करणारा हात आणि प्रार्थना म्हणणारा आवाज. जेकबने त्या प्रवासाची रोजनिशीही ठेवली. लिव्हिंगस्टनच्या मृत्यूबद्दल तिथे हजर असलेल्या आफ्रिकन माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला हा दुर्मिळ दस्तऐवज आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं: जे शिकवलं गेलं होतं ते त्याने कोणा साहेबाला खूश करायला वापरलं नाही. साहेब मेलेला होता. सगळ्यांसमोर प्रामाणिक हिशेब ठेवायला आणि मेलेल्या माणसाला मातीचा मान द्यायला वापरलं. रोजच्या जगण्यात श्रद्धा उतरते म्हणजे बहुतेक असंच काहीतरी असावं. चमत्कार वगैरे नाही. यादी बरोबर करणं.

जेकब एकटाच प्रेताबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनचं दफन झालं. शवपेटीला हात लावायचा मान मिळालेल्या आठ जणांत स्टॅन्लेबरोबर हा शरणपूरचा विद्यार्थीही होता. चुमा आणि सुसी इंग्लंडला पोचेपर्यंत अंत्यविधी उरकून गेला होता. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तांड्यातल्या माणसांसाठी खास पदकं पाडली, पण तोवर माणसं पांगली होती.

वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या थडग्याच्या शिळेवर लिहिलंय की विश्वासू हातांनी याला इथवर आणलं. कोणाचे हात? नावं नाहीत. उलट चितांबोच्या झाडावर यांनी स्वतः कोरलं तेव्हा आपल्या माणसांचीही नावं घातली होती. त्या खोडाचा तुकडा पुढे लंडनला नेऊन ठेवला गेला. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे पटकन कळेल. प्रॉडक्ट लाँच होतं, स्टेजवर एकाचं नाव घेतात, बाकी 'टीम'. कोडच्या फायलीत वरती खरी नावं असतात, पण ती फाईल उघडतो कोण? :-)

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठी. शरणपुरात लोहारकाम शिकलेला एक मुलगा होता, विल्यम जोन्स. हाही याओ, हाही गुलामीतून सुटलेला. तो १८६० च्या दशकातच पूर्व आफ्रिकेत, मोंबासाजवळच्या राबाई इथल्या मिशनवर गेला. १८७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाने करार करून गुलामांचा समुद्रमार्गे व्यापार आणि उघडे बाजार बंद केले. हा करार घडवण्यात बार्टल फ्रीअरचा मोठा हात, तोच जो आधी मुंबईचा गव्हर्नर होता. त्यानंतर शरणपूरचं आफ्रिकन असायलम बंद झालं आणि प्राइस मोंबासाला गेला. तिथे सोडवलेल्या गुलामांसाठी वस्ती वसवली, 'फ्रीअर टाउन'. तिथे शिक्षक, कारागीर, व्यवस्थापक कोण? नाशिकहून गेलेले हेच लोक. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणतात. मोंबासात आजही फ्रीटाउन, म्हणजे फ्रीअर टाउन, नावाचा भाग आहे, आणि तिथल्या घंटेवरून 'केंगेलेनी' हे ठिकाणाचं नाव पडलंय. केंगेले म्हणजे स्वाहिलीत घंटा. गुलामांचं गलबत दिसलं की वाजवायची.

समुद्रावरचा व्यापार बंद झाला तरी किनाऱ्यावर गुलाम बाळगणं कायदेशीरच होतं. मळ्यांवरून गुलाम पळून यायचे आणि राबाईच्या मिशनचा आसरा घ्यायचे. मिशनची अधिकृत भूमिका काय? पळालेल्यांना ठेवून घ्यायचं नाही. कारण मालक हत्यारं घेऊन येतील, सुलतान चिडेल, मिशनच बंद पडेल. व्यवहाराला धरून असलेली भूमिका. पण राबाईत काम बघणारा विल्यम जोन्स स्वतः एकदा गुलाम होता. तो १८८५ मध्ये रीतसर धर्मोपदेशक झाला. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेवर गेला, बिशप मारला गेला, आणि उरलेल्या तांड्याला जोन्सने सुखरूप परत आणलं. राबाईत त्याच्या डोळ्यांसमोर पळून आलेली माणसं झोपड्या बांधून राहत होती, शेती करत होती. त्याने त्यांना हाकललं नाही.

१८८८ मध्ये मालकांनी ओरड केली. प्रकरण हातघाईवर येणार, तेवढ्यात नव्या ब्रिटिश कंपनीच्या मॅकेन्झीने मालकांना भरपाई देऊन तोड काढली. १ जानेवारी १८८९ ला राबाईत सुमारे १,४०० माणसांना स्वातंत्र्याचे कागद दिले गेले. एक हजार चारशे! शरण आलेल्यांच्या गावात वाढलेल्या मुलाने समुद्रापलीकडे दुसरं शरणपूर होऊ दिलं होतं. तेही वरिष्ठांचा नियम बाजूला ठेवून. ज्या मिशनने त्याला 'शेजाऱ्यावर प्रेम कर' शिकवलं, त्या मिशनपेक्षा त्याने ते जास्त मनावर घेतलं.

धर्म आधी मिळाला आणि अर्थ नंतर कृतीतून आला, असा या मुलांचा क्रम. नाशिकच्याच मातीत याच्या बरोबर उलटं उदाहरणही आहे. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. नवरा, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. बाई काही त्यांच्यामागून लगेच झाल्या नाहीत. पुढे एकत्र राहायला आल्या तरी आपलं सोवळं सांभाळून होत्या. आणि मग एक दिवस स्वतःच्याच विचाराने त्यांना पटलं, की जाती देवाने केल्या नाहीत, माणसांनी केल्या. मग कोणाच्याही हातचं पाणी चालतं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे आधी पाण्याचा तांब्या, मग धर्मांतर. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर वाचाच. मराठीत इतकं खळखळून हसवणारं आणि तितकंच आत जाणारं आत्मचरित्र दुसरं नाही. त्यांचा मृत्यूही १९३६ मध्ये नाशकातच झाला.

दोन्हींत एक गोष्ट सारखी दिसते. श्रद्धा कसाला लागली ती मोठ्या प्रवचनात नाही. पाणी कोणाच्या हातचं प्यायचं, दारात आलेल्याला आत घ्यायचं की नाही, मेलेल्या माणसाच्या पेटीतल्या वस्तूंची यादी खरी करायची की नाही. हे प्रश्न कुठल्याही धर्माच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या माणसालाही रोज पडतात. तुमच्या आमच्या सोसायटीतसुद्धा पडतात. घर भाड्याने देताना आडनाव विचारतो आपण, ते काय वेगळं आहे? आणि 'नियमात बसत नाही हो' हे वाक्य किती सोयीचं असतं, हेही आपल्याला पाठ आहे.

जेकब वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो इथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन बराच जगला. १९३५ मध्ये मोंबासात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा लिव्हिंगस्टनबरोबर चाललेला बहुधा शेवटचा माणूस गेला.

शरणपूर रोडचं नाव सुदैवाने अजून कोणी बदललेलं नाही. रस्त्यावर सेंट अँड्र्यूज चर्च आहे. बाकी जुनी वस्ती शहराने कधीच गिळून टाकली. मोंबासात मात्र 'बॉम्बे आफ्रिकन्स' हा शब्द इतिहासाच्या पुस्तकांत ठळक आहे, आणि तिथला अभ्यासक नाशिक हे नाव ओळखतो. आपण डूलॅलीची गंमत पाहुण्यांना सांगतो, तशी ही गोष्टही सांगायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला अडकलात की शेजारच्याला विचारा, शरणपूर म्हणजे काय रे? सिग्नल मोठा असतो, गोष्ट बरीचशी सांगून होते.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.